‘वरून आदेश आहे’ याला उत्तर काय?

भाऊ, तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून आधी माझ्या शब्दांत मांडतो. यवतमाळकडे तुमचं सहा एकर वावर आहे. रस्ता रुंद करायचा म्हणून माणसं आली, चुन्याच्या खुणा टाकून गेली. तुमच्या हातात कागद एकही नाही. विचारलं तर ‘वरून आदेश आहे’ एवढंच उत्तर मिळालं. त्यात कोणीतरी सांगितलं, की मालमत्तेचा हक्क आता मूलभूत राहिलेला नाही, सरकारला जमीन पाहिजे म्हटल्यावर विषय संपला. यावरून तुम्ही दोन गोष्टी विचारता. मग सातबाऱ्यावरच्या नावाला किंमत काय? आणि दुसरी जरा टोचून: तुम्ही शेतकरी संघटनेवाले ‘सरकारने बाजूला व्हावं’ म्हणता आणि हमीभावही मागता, तर तुमच्या मते सरकारची हद्द नेमकी कुठे संपते?

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. माझ्याकडे येणारी बहुतेक प्रकरणं वावराचीच असतात. भावाभावांतली वाटणी, धुऱ्याचे म्हणजे बांधाचे वाद, अडवलेली पांदण, संपादनाचा मोबदला. शिवाय छातीवर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावणारा माणूस आहे, तेव्हा माझं मत कुठे झुकतं ते धरूनच वाचा. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत. जमीन भोगवटादार वर्ग १ ची (विकायला मोकळी) आहे की वर्ग २ ची (विकायला सरकारी परवानगी लागणारी), भूदानातली आहे का, मूळ खातेदार आदिवासी होता का, रस्त्याच्या जुन्या हद्दीत तुमचाच धुरा सरकलेला आहे का (राग मानू नका, पण मोजणीत हे पुष्कळदा निघतं), यावर उत्तर बदलतं. खाली लिहितो ते या सगळ्याच्या आधीचं आहे.

मालमत्तेचा हक्क मूलभूत आहे की नाही, यापेक्षा तुमच्या गोष्टीत मला वेगळाच पेच दिसतो. कागद कोणी दाखवायचा? तुम्ही सातबारा घेऊन कचेरीच्या चकरा मारताय, स्वतःची जमीन स्वतःची आहे हे पटवून द्यायला. ज्याने चुना टाकला त्याला मात्र कोणी विचारत नाही, की बाबा, तू कोणत्या कलमाखाली वावरात शिरलास?

संविधानाकडे मी याच बाजूने पाहतो. कायद्याने मनाई केली नसेल ती प्रत्येक गोष्ट करायला नागरिक मोकळा आहे, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. सरकारी माणसाचं बरोबर उलट. कायद्याने अधिकार दिला असेल तेवढंच त्याला करता येतं, मग तो तलाठी असो की मंत्रालयातला सचिव. आणि कायदा करणाऱ्यांनाही मोकळं रान नाही. कलम १३ प्रमाणे मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा त्या विसंगतीपुरता निरर्थक ठरतो, तो कितीही मोठ्या बहुमताने झालेला असो. आपल्याकडे संविधान म्हणजे सरकारने आपल्याला काय काय द्यायचं याची यादी, अशी समजूत फार आहे. देण्याच्या गोष्टी त्यात आहेत, नाही असं नाही. पण त्याचं पहिलं काम सरकारला हद्द घालून देणं आहे. शेजारी स्वभावाने चांगला आहे म्हणून आपण धुरा नांगरून टाकत नाही, कारण उद्या वावर त्याच्या पोराकडे जाणार असतं. सरकारच्या बाबतीत आपण नेमकं हे विसरतो. आपल्या आवडीचं सरकार आलं, की धुरा कशाला, असं म्हणू लागतो.

हे व्यवहारात कसं चालतं ते सांगतो. आमच्या तालुक्यातल्या एका कास्तकाराच्या वावरात वेचणीच्या ऐन हंगामात जेसीबी आला. पऱ्हाटीला बोंडं फुटलेली, बायका ओटीत कापूस वेचत होत्या आणि तिकडून मशीन धुऱ्यावर चढलं. सोबतच्या साहेबांकडे आदेश म्हणून मोबाईलमध्ये एका पत्राचा फोटो होता. फोटोही असा काढलेला, की खालची सही अर्धी कापली गेलेली. कास्तकार माझ्याकडे आला तेव्हा त्याला मोर्चा काढायचा होता. मी त्याच्याकडून एक पानी अर्ज लिहून घेतला, तीनच प्रश्नांचा. ही कारवाई कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आहे? त्या कलमाखालची अधिसूचना किंवा आदेश कोणत्या तारखेचा? माझ्या गटातलं किती क्षेत्र त्यात येतं आणि त्याची प्रत मला कधी मिळणार? अर्ज आवक-जावकच्या टेबलावर दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतला. तिथला कारकून शिक्का मारायला का कू करत होता, यावरूनच मला कळलं की आतमध्ये कागद नाही. काम थांबलं. मोजणी झाली तेव्हा दिसलं, की त्या पट्ट्याचं संपादन कधी झालेलंच नव्हतं. पुढे रीतसर संपादन झालं, रस्ताही झाला. आज त्या रस्त्यावरून एसटी जाते आणि त्याच कास्तकाराची पोरं तिच्यातून शाळेत जातात. पण त्याला नोटीस मिळाली, म्हणणं मांडता आलं, विहिरीचे आणि संत्र्याच्या झाडांचे पैसे मिळाले. रस्ता व्हावा की नाही हा वाद मुळात नव्हताच.

आता मूलभूत हक्काचा इतिहास, कारण तुम्हाला अर्धवट सांगितला गेला आहे.

१९५० च्या मूळ संविधानात मालमत्ता धारण करणं आणि तिची विल्हेवाट लावणं हे कलम १९(१)(च) मध्ये मूलभूत स्वातंत्र्य होतं आणि कलम ३१ मध्ये संपादनाची बंधनं होती. पहिल्या सार्वत्रिक निवडणुका व्हायच्या आधीच, जून १९५१ मध्ये, पहिली घटनादुरुस्ती झाली. तिने ३१अ, ३१ब ही कलमं आणि नववं परिशिष्ट आणलं. या परिशिष्टात कायदा टाकला, की मूलभूत हक्क मोडले म्हणून तो कोर्टात रद्द करून घेता येत नाही, अशी सोय. सुरुवातीला त्यात १३ कायदे होते. त्यांतला एक आपल्याकडचा: मध्य प्रदेशाचा मालकी हक्क संपवणारा १९५० चा कायदा. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि याच कायद्याने भंडारा-चांदा-नागपूरकडची मालगुजारी संपली.

इथे आमच्यातले काही मित्र सरसकट बोलतात ते मला पटत नाही. मालगुजाराचा हक्क मुळात होता कशाचा? इंग्रजांनी वसुलीच्या सोयीसाठी दिलेली मालकी आणि खाली कसणाऱ्याला स्वतःचं काहीच नाही. व्यक्तीच्या मालमत्तेच्या हक्कावर ज्याचा विश्वास आहे त्याने कसणाऱ्याच्या हक्काची बाजू घ्यायला पाहिजे. मालगुजारी गेली ते बरंच झालं. तरी दोन गोष्टी खटकतात. मालगुजारांसोबत तलावही सरकारजमा झाले. पूर्व विदर्भात त्यांना अजून मामा तलाव म्हणतात, माजी मालगुजारी म्हणून. त्यांतले किती गाळाने भरले ते तिकडच्या धान उत्पादकाला विचारा. सरकारचे झाले म्हणजे व्यवहारात कोणाचेच राहिले नाहीत. आणि दुसरी मोठी गोष्ट म्हणजे, मालगुजारासाठी उघडलेलं दार पुन्हा बंद झालंच नाही. १३ कायद्यांचं परिशिष्ट वाढत वाढत २८४ वर गेलं. त्यातले बहुतांश जमिनीचे. महाराष्ट्राचा १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा १९६४ मध्ये त्यात गेला. १९५५ चा आवश्यक वस्तू कायदा आणीबाणीत, १९७६ मध्ये गेला. त्याचा तर जमीन सुधारणेशी दुरूनही संबंध नाही. मालगुजाराला आवरण्यासाठी काढलेलं हत्यार मालगुजार संपल्यावर त्याच्या कुळाच्या नातवावर चाललं.

याला तेव्हाही विरोध झाला. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नागपूरलाच भरलं होतं आणि तिथे सहकारी संयुक्त शेतीचा ठराव झाला. म्हणजे वावरं एकत्र करून कसायची. त्याच वर्षी राजाजी, मिनू मसानी, प्रा. एन. जी. रंगा यांनी स्वतंत्र पक्ष काढला. त्यामागचं एक मोठं कारण हा नागपूरचा ठराव होता. ‘परमिट-लायसन्स राज’ हा शब्द रूढ झाला तो याच लोकांमुळे. रंगा स्वतः शेतकरी चळवळीतले होते. उदारमतवाद म्हणजे गिरणीमालकांचं दुखणं, असं जे म्हणतात त्यांनी हे लक्षात ठेवावं.

पुढे १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायमूर्तींच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने ठरवलं, की संसद घटनादुरुस्ती करू शकते पण संविधानाची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. २४ एप्रिल १९७३ ही त्या निकालाची तारीख. या तारखेनंतर नवव्या परिशिष्टात घातलेले कायदे त्या चौकटीच्या कसोटीवर तपासता येतील, हे २००७ च्या आय. आर. कोएल्हो निकालात नऊ न्यायमूर्तींनी पक्कं केलं. त्या आधीचे कायदे मात्र सुरक्षितच राहिले.

मालमत्तेचा मूलभूत हक्क गेला तो ४४ व्या घटनादुरुस्तीने, १९७८ मध्ये. गंमत अशी, की हे आणीबाणीनंतर आलेल्या, स्वातंत्र्य परत आणू म्हणणाऱ्या जनता सरकारने केलं. त्याच दुरुस्तीने कलम ३००अ आलं: कायद्याचा आधार असल्याशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. हा हक्क मूलभूत नसला तरी घटनात्मक आहे. व्यवहारात फरक एवढा, की यासाठी कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येत नाही. कलम २२६ खाली उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्यासाठी नागपूर खंडपीठात, जाता येतं. खरं सांगायचं तर आपल्या भागातला कास्तकार तसाही थेट दिल्लीला जात नव्हता.

आणि न्यायालयांनी या कलमात बराच जीव भरला आहे. २०११ मध्ये के. टी. प्लँटेशन खटल्यात सांगितलं गेलं, की सार्वजनिक प्रयोजन आणि मोबदला या गोष्टी ३००अ मध्ये अंतर्भूतच आहेत. २०२० च्या विद्या देवी खटल्यात हिमाचल प्रदेशातल्या एका निरक्षर विधवेची जमीन १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी घेतली होती, संपादन न करता, मोबदला न देता. राज्य सरकारने कोर्टात सांगितलं, की इतकी वर्षं ताबा आमच्याकडे आहे, आता जमीन आमचीच झाली. सर्वोच्च न्यायालयाने हे धुडकावलं. कल्याणकारी राज्याला आपल्याच नागरिकाच्या जमिनीवर प्रतिकूल ताब्याचा दावा करता येत नाही, असं सांगून मोबदला द्यायला लावला. मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या खटल्यात तर ३००अ मधले सात उपहक्क मोजून सांगितले: नोटीस, म्हणणं ऐकून घेणं, कारणांसह निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, योग्य मोबदला, प्रक्रिया वेळेत होणं आणि ती पूर्णत्वाला जाणं. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला, महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाच्या बहुमताने सांगितलं, की प्रत्येक खासगी मालमत्ता ही कलम ३९(ख) मधलं ‘समाजाचं भौतिक साधन’ होत नाही.

एक तरतूद तर वकिलांच्याही लक्षात नसते. कलम ३१अ ला १९६४ मध्ये एक परंतुक, म्हणजे पुरवणी अट, जोडलेलं आहे. स्वतः कसत असलेली, कमाल मर्यादेच्या आतली जमीन घ्यायची असेल तर बाजारभावापेक्षा कमी मोबदला देणारा कायदा चालत नाही. जिरायतीची मर्यादा आपल्याकडे ५४ एकर आहे. तुमचे सहा एकर सहज आत बसतात. तेव्हा मूलभूत हक्क गेला म्हणजे सातबारा गेला, असं सांगणाऱ्याला चहा पाजा आणि रस्त्याला लावा.

पण जमीन नावावर असणं म्हणजे अर्धाच हक्क. पिकवलेलं कोणाला, कधी, कितीला विकायचं हे ठरवता येत नसेल तर त्या सातबाऱ्याचा निम्मा जीव गेलेला असतो. हे मला कायद्याच्या पुस्तकाने नव्हे, कापसाने शिकवलं.

१९७१ च्या कायद्याने महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी आली, १९७२ पासून सुरू झाली. आपला कापूस आपण पणन महासंघाशिवाय कोणाला विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. पाटणबोरीच्या पुढे पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद. तिकडे भाव जास्त असला की रात्री बंड्या निघायच्या. बैलांच्या गळ्यातली घुंगरं काढून ठेवायची, कापसावर कडब्याच्या पेंढ्या टाकायच्या. स्वतःच्या वावरातला, स्वतः फवारलेला, बायकोने वेचलेला कापूस, आणि नाक्यावर सापडला की तो चोरटा माल. आमच्या गावात अशी धरलेली बंडी सोडवायला मालकाने पाटलाला मध्यस्थ नेलं होतं. शिपाई त्याला म्हणाला, ‘‘कापूस तुहा असंन, पण इकाचा हक कोनं देल्ला तुले?’’ नाक्यावरच्या त्या शिपायाला कायदा माझ्या बरोबरीच्या वकिलांपेक्षा नीट कळला होता. विकायलाही कोणीतरी हक्क द्यावा लागतो, अशीच ती व्यवस्था होती.

न्यायाने बोलायचं तर काही वर्षं एकाधिकाराचा भाव बाहेरच्यापेक्षा बरा होता. तेव्हा उलटी वाहतूक व्हायची, बाहेरचा कापूस इकडे यायचा आणि योजनेच्या तोट्यात भर पडायची. अनेक कास्तकारांना ती योजना आधार वाटत होती, त्यांना मी वेडं म्हणणार नाही. माझा आक्षेप खरेदीला नव्हताच. सरकारने दुकान लावावं, पण बाकीची दुकानं बंद का करावीत? मक्तेदारी २००२ च्या सुमारास सुटली. सरकारी खरेदी नंतरही चालू राहिली, आणि ज्याला जिनिंगवाल्याकडे न्यायचा तो तिकडे नेऊ लागला. आभाळ काही कोसळलं नाही.

याचा अर्थ बाजारात सरकार नकोच, असा नाही. वऱ्हाडात १८९७ साली कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला, देशातल्या अगदी सुरुवातीच्या बाजार कायद्यांपैकी एक. वजन खरं असावं, मापात पाप नसावं, करार मोडला तर दाद मिळावी, ही कामं सरकारचीच. चोर पकडणं, कोर्ट चालवणं, जमिनीच्या नोंदी नीट ठेवणं ही पण. माझी तक्रार अशी, की ही कामं धड होत नाहीत आणि नको ती मात्र जोरात. फेरफार महिनोन्महिने प्रलंबित राहतो, पण डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन आणि हरभऱ्याचे वायदे (पुढच्या तारखेचे सौदे) बंद करायला या बाजाराच्या नियामकाला, सेबीला, एक आदेश पुरला.

तेव्हा तुमचा टोचणारा प्रश्न. हमीभाव मागता आणि सरकार नको म्हणता, हे कसं?

विसंगती आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. शेतकरी संघटना उभी करणाऱ्या शरद जोशींची मूळ मांडणी ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ अशी होती. निर्यातबंदी, लेव्ही (सरकारी भावाने सक्तीची खरेदी), प्रांतबंदी (माल राज्याबाहेर न्यायला मनाई), साठ्यावर मर्यादा अशा मार्गांनी सरकार भाव पाडतं, म्हणजे शेतकऱ्याला उणे सबसिडी देतं. तेव्हा आधी खिशातला हात काढा, हा त्याचा गाभा. त्यांनी १९९४ मध्ये काढलेल्या पक्षाचं नाव स्वतंत्र भारत पक्ष, यातही काही अपघात नव्हता. निर्यातबंदीने झालेल्या नुकसानीची भरपाई मागणं मला भीक वाटत नाही, ज्याने नुकसान केलं त्यानेच ते भरून द्यावं इतकं ते सरळ आहे. पण दर निवडणुकीला ‘सातबारा कोरा’ म्हणत जाणं आणि निर्यातबंदीवर एक अवाक्षर न काढणं, हे आमच्याही लोकांत शिरलं आहे. ज्याच्याकडून महिन्याला खात्यात पैसे येतात त्याला ‘कोणत्या कलमाखाली?’ विचारताना जीभ जड होते. लाभार्थी यादीत नाव आलं की माणूस हळूहळू अर्जदार होतो. मी संघटनेच्या बैठकीत हे बोलतो तेव्हा टाळ्या कमी पडतात.

हद्दीचा प्रश्न खरा अवघड होतो तो सरकार आपल्याला आवडणारी गोष्ट करतं तेव्हा. दारूबंदी घ्या. वर्धा जिल्हा कोरडा, १९९३ पासून गडचिरोली कोरडा. चंद्रपूर २०१५ मध्ये झाला आणि २०२१ मध्ये बंदी उठली. बंदीसाठी बाया पायी चालत गेल्या, त्यांच्या घरातलं दुःख खरं होतं. मी कोर्टात त्याच बायांची पोटगीची प्रकरणं चालवतो, मला ते पुस्तकातून कळलेलं नाही. तरीही माझं मत बंदीच्या विरुद्ध आहे. बायकोला मारणं हा गुन्हा आहे आणि तो नोंदवायला पोलीस ठाण्यात तिला तीनदा परत पाठवलं जातं. ते काम सरकारने करावं. कोणी घरात बसून दोन घोट घेतले आणि कोणाला इजा केली नाही, तर त्यात सरकारचा संबंध काय? वर, बंदी असलेल्या जिल्ह्यांत दारू मिळते की नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. मात्र गावातलं दुकान बंद करायला जे आडव्या बाटलीचं मतदान होतं, त्याबद्दल मी इतका ठाम नाही. दुकानाचा परवाना ही सरकारने दिलेली सवलत आहे आणि ती आपल्या वस्तीत नको, असं म्हणण्यात मला फार काही वावगं दिसत नाही.

बैलाचंही तसंच. २०१५ च्या दुरुस्तीने बैल, गोऱ्हे यांच्या कत्तलीवरही बंदी आली. भाकड जनावराची किंमत गेली ती कास्तकाराच्या गोठ्यातून. श्रद्धेचा मी आदर करतो, माझ्याही घरी पोळा जोरात होतो. पण त्या कायद्यात एक कलम असं होतं, की मांस कायदा मोडून केलेल्या कत्तलीचं नाही हे आरोपीने सिद्ध करायचं. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये कत्तलबंदी कायम ठेवली, पण हे कलम घटनाबाह्य ठरवलं. परराज्यातून आणलेलं गोमांस जवळ बाळगण्यावरची बंदीही रद्द केली, माणसाच्या खासगीपणात तो हस्तक्षेप आहे म्हणून. कायदा तुम्हाला आवडो न आवडो, सिद्ध करण्याचा बोजा कोणावर, हा प्रश्न तिथेही तोच निघाला जो तुमच्या चुन्याच्या खुणांचा आहे.

जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरला शेतकऱ्यांनी मंजुरी नसलेलं तणनाशक-सहनशील कापसाचं बियाणं उघडपणे पेरलं, तेव्हा पर्यावरण कायद्याखाली पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. पेरणाऱ्याच्या बाजूने मी उभा आहे. पण चोरून येणाऱ्या त्याच बियाण्याची पाकिटं बिनबिलाची असतात. उगवलं नाही तर ग्राहक आयोगात कोणत्या पावतीवर जाणार? बंदीने बियाणं थांबलं नाही, फक्त फसवणाऱ्यावर दावा लावायची वाट बंद झाली.

हद्द फक्त सरकारलाच घालायची असते असंही नाही. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितलं होतं, की मसुद्याने गाव हा घटक सोडून व्यक्ती हा घटक धरला याचा मला आनंद आहे. बाबासाहेब अर्थकारणात माझ्या बाजूचे नव्हते. १९४७ च्या त्यांच्या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी असं होतं. पण गावाबद्दल त्यांना जे कळलं होतं ते आपल्याला गावात राहूनही कळत नाही. जातपंचायत एखाद्या घराला वाळीत टाकते तेव्हा त्या घराला सरकार पाहिजेच असतं, म्हणून २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरोधी कायदा मला हवा आहे. दुसऱ्या टोकाला मेंढा-लेखा. धानोरा तालुक्यातल्या त्या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, २०११ मध्ये आपला बांबू आपण विकायचा अधिकार वन खात्याकडून प्रत्यक्षात हातात आला. मालकी व्यक्तीची नाही, गावाची आहे. तरी मला ते सरकारी मक्तेदारीपेक्षा शंभर पटीने बरं वाटतं, कारण निर्णय तिथे सर्वांच्या संमतीने होतात आणि नाही म्हणणाऱ्याला बसवून ऐकलं जातं.

आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला विकता येत नाही, त्यावर मात्र माझ्याकडे सरळ उत्तर नाही. तत्त्वाने पाहिलं तर विकायचा हक्क त्याचा आहे, आणि या अटीमुळे बँक त्याला धड कर्ज देत नाही. पण पाटणबोरी, केळापूर, झरीकडे जुने दस्त चाळताना दिसतं, की अंगठे कोणी कसे घेतले होते. जिथे एका बाजूला लिहिता येत नव्हतं आणि दुसऱ्या बाजूला सावकार होता, तिथे ‘दोघांच्या मर्जीने झालेला करार’ म्हणायला माझी जीभ वळत नाही. आज शिकलेली पोरं आहेत त्या घरांत. निदान त्यांनी मागितलेली परवानगी वर्षानुवर्षं पडून राहू नये, एवढं तरी व्हावं.

आता तुमचं काम. वर सांगितला तसा तीन प्रश्नांचा अर्ज उद्याच द्या, तलाठी, तहसील आणि ज्यांचा रस्ता आहे त्या विभागाला. सोबत माहिती अधिकाराचाही टाका, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तरातून कायदा कळला की पुढची मुदत ठरते. राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली असेल तर अधिसूचनेपासून हरकतीला २१ दिवस मिळतात, २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली ६० दिवस. कायदाच नसेल आणि मशीन आलं, तर ताबा जाण्याआधी नागपूर खंडपीठ. ताबा गेल्यावर तुमचं भांडण बहुतेक पैशांपुरतंच उरतं.

संयुक्त मोजणीच्या दिवशी घरचा एक लिहिता माणूस सोबत ठेवा. विहीर, बोअर, पाइपलाइन, झाडं, गोठा हे सगळं मोजणीच्या पत्रकात आलं का, ते सही करायच्या आधी पाहा. गाव नमुना १२ वर तुमचं ओलीत ‘जिरायत’ म्हणून पडलेलं असेल तर आत्ताच दुरुस्तीला टाका, कारण मोबदला त्या नोंदीवर ठरतो आणि ई-पीक पाहणी (मोबाईलवरून पिकाची नोंद) न केलेल्यांचं इथेच नुकसान होतं. निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश, झाला आणि रक्कम कमी वाटली तर पैसे घ्या, पण पावतीवर ‘हरकत राखून’ असं स्वतःच्या हाताने लिहा. २०१३ च्या कायद्यात हरकत न नोंदवता पैसे उचलले तर वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नाही. तो अर्ज कलम ६४ खाली द्यायचा, निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवड्यांच्या आत.